दाराबाहेरच्या चपला

मानसोपचार करणाऱ्या बाईंचा दवाखाना म्हणजे एका सोसायटीतला साधा फ्लॅट. मी पहिल्यांदाच गेले होते. दाराबाहेर कुणीतरी चपला काढून ठेवल्या होत्या, टाचेला एका बाजूने झिजलेल्या. त्या बघून मी दारातच थबकले. चेहरा सावरता येतो. चपला मात्र आपण कुठे आत गेलोय ते दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहतात. देवळाबाहेरच्या ढिगातूनही घरच्यांचा जोड आपण बरोबर ओळखतो. आणि माझी नणंद याच जिन्यात वरच्या मजल्यावर राहते.

मी चपला काढल्या, पिशवीत कोंबल्या आणि पिशवी पोटाशी धरून बसले. आत गेल्यावर लहानपण विचारतील, झोप विचारतील, म्हणून उत्तरं घोकून आले होते.

बाई म्हणाल्या, "पिशवी खाली ठेवताय का?"

"नको. चपला आहेत त्यात. बाहेर ठेवायची भीती वाटली."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कसली भीती वाटते?"

नणंद बघेल, असं सांगणार होते. तोंडून निघालं, "घरी जायची."