निंदणाच्या बाया

आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट. जुनी माणसं म्हणतात, इथं कधीकाळी समुद्र होता. समुद्र गेला, मीठ ठेवून गेला. ओलिताचं नावच नको. पाऊस देईल तेवढंच पीक.

आणि पाऊस तर आताशा ऐन वाढीत दडी मारतो. म्हणून मी पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली कपाशीची वाळकी झाडं, जाळणं सोडलं. ती बारीक करून नव्या कपाशीच्या ओळींमध्ये पसरते. खाली ओल टिकते, तणही फारसं उगवत नाही. पण तण नाही म्हटल्यावर निंदायला येणाऱ्या बायाही येईनाशा झाल्या. पूर्वी त्या निंदता निंदता सुनांच्या चहाड्या सांगायच्या, दुपारी माझ्याच निंबाखाली शिदोरी सोडायच्या. आता धुऱ्याच्या बांधापलीकडे, शेजारणीच्या वावरात बसतात. त्यांचं हसणं ऐकत मी एकटी ठेचा-भाकरी खाते.

"काऊन वो, वावर हाय का उकिरडा?" शेजारीण पहिल्या वर्षी ओरडली होती. मीही गप्प बसले नव्हते.

यंदा पावसानं ओढ दिली. तिच्या कपाशीनं माना टाकल्या, माझी ताठ उभी राहिली. काल ती धुरा ओलांडून आली, पऱ्हाटीचा थर सारून मूठभर माती दाबून पाहिली. माती लाडवासारखी वळली.

"पुढल्या साली मीबी असंच करतो," ती म्हणाली.

हेच ऐकायची इतकी वर्षं वाट पाहिली होती. ऐकलं, आणि नजर तिच्या वावरात निंदणाऱ्या बायांकडे गेली.

"अर्ध्याच वावरात कर," मी म्हटलं. "अर्धं निंदायले ठेवजो."