चौथ्या रविवारचा चिखल

गाडी आधी बंद करायची, रिमोट नंतर. रिमोटवरच्या खेळातल्या गाड्या पळवायला मैदानावर येणाऱ्या प्रत्येक नवख्याला त्याने हे इतक्यांदा ऐकवलं होतं की जुने लोक त्याला लांबून येताना पाहिलं की नमस्काराऐवजी तेच म्हणायचे. नियम सोपा आहे. रिमोट आधी बंद झाला तर गाडीला सांगणारं कुणी उरत नाही, आणि जुन्या बनावटीची गाडी असेल तर ती हवेतून मिळेल तो हुकूम खरा मानून सुटते. हे सगळं तो हातवारे करून समजावायचा. आणि एका रविवारी सकाळी साडेदहा वाजता, सात साक्षीदारांदेखत, त्यानेच सासऱ्यांच्या गाडीचा रिमोट आधी बंद केला.

सासरे नळावर पाणी प्यायला निघाले होते. जाताना रिमोट त्याच्या हातात देऊन म्हणाले, "जरा धर." जरा धर म्हणजे जरा धर, त्यात बटणाचा उल्लेख कुठेही नव्हता. पण हा पडला काटकसरी. रिमोटचे सेल उगाच कशाला जाळायचे, म्हणून त्याने अंगठा दाबला. दिवा विझला. गाडी क्षणभर शहाण्यासारखी उभी राहिली आणि मग जी सुटली ती थेट मैदानाच्या टोकाला. मैदान म्हणजे एका बंद पडलेल्या गोदामाचं अंगण, अर्धं सिमेंटचं, अर्धं मातीचं, आणि टोकाला ट्रक मागे घेऊन लावायचा पुरुषभर खोल खड्डा. त्या खड्ड्यावरून गाडी हवेत उडाली तेव्हा फार देखणी दिसली, असं त्याच्या मनात आलं. लाज वाटायची सुरुवात तिथूनच झाली.

सासरे ओल्या मिशा पुसत परत आले, खड्ड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "असू द्या, जावईबापू. तुम्हाला कुठे लागलं नाही ना?"

तुम्हाला. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि दुसऱ्या दिवसापासून सासरे त्याला अरे-तुरे करत होते. आता एकदम अहो-जाहो. त्यापेक्षा दोन थपडा दिल्या असत्या तर तो सुखाने घरी गेला असता.

तसा तो दातांचा माणूस. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक खोली आहे, तिला खिडकी एकच, तीही बोळात उघडणारी. तिथे बसून तो कवळ्या बनवतो. लोकांची ओळख होते ती तोंडदेखली, हा त्याचा आवडता विनोद; बायकोने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती हसली होती, आणि त्या भांडवलावर तो अजून तग धरून आहे. खेळातल्या गाड्या जुळवायचा नाद त्याला कॉलेजपासूनचा. कामाची बारीक हत्यारं दोन्हीकडे सारखीच चालायची, त्यामुळे टेबलाच्या डाव्या बाजूला कुणाचे तरी खालचे दात आणि उजव्या बाजूला कुठल्या तरी गाडीची मागची चाकं, असा संसार असायचा. डॉक्टर तिकडे फिरकायचे नाहीत, आणि पेशंटला तर फिरकूच द्यायचे नाहीत.

सासरे गोदीत क्रेन चालवायचे. एकतीस वर्षं जमिनीपासून सात मजले उंच, काचेच्या खोलीत. निवृत्त झाले आणि खिडकीशी खुर्ची लावून बसले. तासन्‌तास खालच्या रस्त्याकडे बघायचे. घरातले धास्तावले, तेव्हा यानेच मोठेपणाने एक मोडकी गाडी त्यांच्यापुढे ठेवली आणि शिकवायला घेतलं. सहा महिन्यांत सासरे त्याच्या पुढे गेले. दोन लाकडी खुंट्यांमधून, दोन्हीकडे बोटभर जागा ठेवून, भरधाव गाडी काढावी ती त्यांनीच. आपला शिष्य आपल्याला मागे टाकतो यासारखा आनंद नाही, असं त्याने चारचौघांत सांगितलं आणि घरी येऊन दोन दिवस बायकोशी नीट बोलला नाही. सासऱ्यांनी गाडीला क्रेनचा पिवळा रंग दिला होता. पुढे पितळी तारेचा एवढासा हूक होता. तो आता खड्ड्यात सापडला, सरळ झालेला.

मैदानाचा कायदा वायरमनच्या ताब्यात. तो खरोखरचा वायरमन, घरोघरी फिटिंगची कामं करणारा. न्यायाधीश त्याला कुणी नेमलं नव्हतं, पण काढून टाकायचीही कुणाची छाती नव्हती. कायदा असा की ज्याने दुसऱ्याची गाडी मोडली त्याने ती दुरुस्त करायची, आणि वर चार रविवार तिच्या टायरांचा चिखल टूथब्रशने घासून काढायचा. घासलेला रविवारच धरायचा, नुसतं हजर राहिलेला नाही. "तुला सोपं आहे," वायरमन म्हणाला, "तुझा धंदाच आहे."

पण घासायला आधी सासऱ्यांनी मैदानावर येऊन गाडी फिरवायला हवी ना. पुढच्या रविवारी सासऱ्यांचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे येणार होते. ते कोण, हे सासूबाईंनाही माहीत नव्हतं. तिसऱ्या रविवारी त्यांनी कारणसुद्धा दिलं नाही. सासूबाईंनी लेकीला फोनवर सांगितलं की खुर्ची पुन्हा खिडकीशी गेली आहे, आणि माणूस जेवायला तीनदा हाक मारल्याशिवाय उठत नाही.

हे ऐकून त्याने जे मनाला लावून घेतलं ते काही विचारू नका. आपण एका माणसाचं म्हातारपण खड्ड्यात घातलं, असं तो येता-जाता म्हणू लागला. माफी मागायला तीनदा सासरी गेला. तिन्ही वेळा सासऱ्यांनी "या, बसा, चहा घ्या" असं पाहुण्यासारखं केलं आणि पाठ केलेलं भाषण चहाबरोबर गिळून तो परत आला. शेवटी बायको कंटाळली.

"जगात जे काही बिघडतं ते तुझ्यामुळेच बिघडतं असं तुला का वाटतं?" ती म्हणाली. "एवढं महत्त्व तुला दिलं कुणी?"

तो दुखावला. अपराधी माणसाला निदान अपराधाचा मान तरी मिळावा.

दुरुस्ती मात्र त्याने जीव ओतून केली. दुपारी डॉक्टर जेवायला गेले की गाडी टेबलावर यायची. पुढच्या चाकांचे दोन्ही दांडे मोडले होते. ते त्याने कवळीच्या मसाल्यात नव्याने ओतले. मजबूत झाले, पण रंग हिरड्यांचा गुलाबी. त्याच आठवड्यात एका आजोबांची कवळी बसवून बघायला द्यायची होती आणि घाईघाईत डबीत गेला गाडीचा दांडा. डॉक्टरांनी पेशंटसमोर डबी उघडली. पुढचं बोलणं बंद दाराआड झालं, म्हणून इथे सांगता येत नाही.

शेवटी राहिली गाडी वळवणारी मोटर. तिचं झाकण त्याने उगाचच उघडलं, आलोच आहोत तर बघून घेऊ म्हणून. आत नायलॉनची चार दातेरी चक्रं. शेवटच्या चक्रावर भिंग धरलं आणि त्याचा हात थांबला.

आता, दातांची झीज वाचणं ही त्याला येणारी एकमेव विद्या. कोण डाव्या बाजूने चावतो, कोण झोपेत दात खातो, हे तो जुनी कवळी हातात घेतल्याबरोबर सांगायचा. या चक्राच्या कडेचे दात नवे कोरे होते. झिजले होते ते फक्त मधले तीन, तेही गुळगुळीत. गाडी जोरात वळवणाऱ्याच्या चक्राचे कडेचे दात जातात. सरळ चालवणाऱ्याचे फारसे कुठलेच जात नाहीत. इथे कुणीतरी सरळ जात असताना, सारखं, एवढं-एवढंसं डावीकडे-उजवीकडे करत राहिलं होतं. महिनोन्‌महिने. झोपेत दात खाणाऱ्या माणसासारखं: स्वतःला कळतही नाही, आणि थांबवताही येत नाही.

मग एकेक आठवायला लागलं. दोन-तीन महिने पिवळी गाडी खुंट्यांना घासत होती. सासऱ्यांनी दोनदा सांगितलंही होतं, गाडी सरळ जात नाही, जरा बघ. याने बघितलं नव्हतं. टायरमध्ये हवामानाप्रमाणे होणाऱ्या बदलांवर व्याख्यान दिलं होतं. सासूबाई हल्ली सासऱ्यांना चहा बशीशिवाय देत होत्या. आणि त्या रविवारी पाणी प्यायला जाताना सासऱ्यांनी रिमोट याच्या हातात का दिला? पाणी प्यायला माणसाला एक हात पुरतो. सासऱ्यांना दोन लागत होते.

त्याने भिंग खाली ठेवलं. तीन आठवडे ज्या अपराधासाठी छाती बडवून घेतली, तो सासऱ्यांच्या सोयीचा निघाला होता. त्यांना मैदान सोडायला निमित्त हवं होतं, आणि हा अंगठा घेऊन तयारच होता. आपण खलनायकसुद्धा नव्हतो, हे पचवायला त्याला अख्खी जेवणाची सुट्टी लागली.

त्याने नवं चक्र बसवलं, आणि मग रिमोट उघडला. रिमोटच्या चाकाखाली एक खटका असतो. चाक फिरलं की तो फिरतो. दोघांच्या मध्ये त्याने गुलाबी मसाल्याचा एक तुकडा असा बसवला की चाक जागच्या जागी थोडं हललं तर आत काही पोचू नये. बाहेरून काही दिसत नव्हतं. जाता जाता बंद करायच्या बटणावरही त्याने एक टोपी बसवली, चिमटीत धरून ओढल्याशिवाय न निघणारी. ती स्वतःसाठी.

गाडी घेऊन तो सासरी गेला. "ठेवा तिथे," सासरे खिडकीतून मान न वळवता म्हणाले. तेव्हा त्याने भाषण सोडलं आणि रडगाणं लावलं: चार रविवार घासल्याशिवाय वायरमन मला माझी गाडीसुद्धा चालवू देत नाही, तीन आठवडे नुसता उभा आहे, लोक हसतात. लोक हसतात हे खरं होतं. एकतीस वर्षं हजेरीच्या भोंग्यावर जगलेल्या माणसाला कुणाची राहिलेली शिक्षा सहन होत नसावी. रविवारी ते आले.

पहिली फेरी मातीतून. गाडी खुंट्यांमधून निघाली, दोन्हीकडे बोटभर जागा ठेवून. वायरमनने हातातली बाटली खाली ठेवली. दुसरी फेरीही तशीच. मग सासऱ्यांनी गाडी थांबवली, रिमोट तोंडाजवळ आणला आणि एका बोटाने चाक हळूच डावीकडे-उजवीकडे करून पाहिलं.

"मध्ये ढिलं केलंयस."

केलंयस. तो 'तू' कानात पडल्यावर आरोप ऐकू यायला त्याला वेळ लागला.

"पडल्यामुळे थोडं झालं असेल, बाबा."

"पडली ती गाडी. रिमोट तुझ्या हातात होता."

सासऱ्यांनी रिमोटचं चाक बोटाने पुन्हा एकदा हलवलं.

"आमच्या क्रेनच्या दांड्यालाही मध्ये बोटभर ढील असायची," ते म्हणाले. "नव्याला वाटायचं, बिघडलंय. अरे, तेवढ्या उंचीवर बसल्यावर कुणाचा हात स्थिर असतो? हाताचं थरथरणं मालापर्यंत पोचू नये म्हणून ती सोय." त्यांनी रिमोट त्याच्याकडे दिला. "पण तू जास्त केलीस. अर्धी कर. मला अजून वळायचं असतं."

तिथेच, मातीत बसून, त्याने अर्धी केली. करता करता, वर न बघता, डॉक्टरांना दाखवलंत का, असं विचारलं.

"तुझे रविवार किती राहिले?"

"आज धरून चार."

"ते फेड. मग जाऊ."

"नक्की?"

"एकतीस वर्षांत शब्द मोडला नाही."

त्या दिवशी त्याने टायर असे घासले की वायरमनने आपलेही आणून ठेवले. घरी येऊन त्याने बायकोला अगदी हळुवारपणे, पाण्याचा पेला हाताशी ठेवून, वडिलांच्या हाताबद्दल सांगितलं. ती म्हणाली की तिला पाच महिन्यांपासून माहीत आहे; ते डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत, म्हणून आईने आणि तिने मिळून दोन्ही घरांतले सगळे पेले बदलले, जड बुडाचे आणले. "मला वाटलं तुलाही माहीत असेल. तूच तर रोज त्याच पेल्यातून पितोस." पेला त्याने स्वतःच संपवला. मग तिने चौथ्या रविवारनंतरच्या सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली.

दुसरा रविवार झाला, तिसरा झाला. चिखल भरपूर, ब्रश झिजला, नवा आणला. चौथ्या रविवारी सासऱ्यांनी गाडी फक्त सिमेंटवर चालवली. सरळ, वळून, उलटी, आठ आकड्यात. मातीला चाक लागू दिलं नाही. टायर आणले तसेच कोरे. त्याने आशेने वायरमनकडे पाहिलं.

"चिखल नाही, तर घासणं नाही," वायरमन म्हणाला. "घासणं नाही, तर रविवार धरायचा नाही." आणि सासऱ्यांनी गंभीरपणे मान डोलावली. कायदा म्हणजे कायदा.

सोमवारची वेळ पुढे ढकलली. पुढच्या रविवारीही सिमेंट. त्याच्या पुढच्याही. सासूबाई म्हणतात, खुर्ची खिडकीपासून हलली ते बरं, पण या माणसाचा शब्द म्हणजे असा असतो, मोडत नाही आणि पाळतही नाही.

गेल्या रविवारी हा अर्धा तास लवकर गेला. नळावरून बादली भरली आणि सिमेंटवर, नेमक्या वळणाच्या जागी, माती कालवून चांगलं ऐसपैस डबकं केलं. मग खिशात ब्रश घेऊन, काही माहीत नसल्यासारखा उभा राहिला. पिवळी गाडी भरधाव आली. डबक्याच्या काठाशी, बोटभर जागा ठेवून, अशी सफाईने वळली की पाण्यावर साधा तरंगही उठला नाही. वायरमनने टाळ्या वाजवल्या. आणि खरं सांगायचं तर, यानेही वाजवल्या.

"बादली जागेवर ठेव," सासरे म्हणाले.

एक रविवार अजून फिटायचा आहे.