निळे ठिपके

रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आदळत होती आणि माझ्या पर्समध्ये, कापसात गुंडाळलेली, माझी काच होती. "हळू चालवा ना भाऊ!" मी पुन्हा ओरडले. बाजूला मौद्याहून आलेली माझी मोठी जाऊ, माझा हात घट्ट धरून बसलेली.

दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांतही अंगावर जायचं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशी काचेवर घेऊन लॅबमध्ये तपासायला पाठवल्या होत्या. लॅबने लिहिलं, ग्रंथींच्या पेशी वेगळ्या दिसतात, कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही. नाकारता येत नाही म्हणजे काय? आहे का नाही, ते सांगा ना! सरळ सांगते, मला मरायची भीती वाटत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हीच काच दुसऱ्या लॅबमध्ये दाखवा.

"पहिला रिपोर्ट काढू नको वं," जाऊबाई रिक्षातच बजावत होत्या. "पत्रिका दोन गुरुजींले दाखवतो, तं पहिल्यानं काय म्हटलं ते दुसऱ्याले सांगतो का आपण?" आमच्या घरची सगळी लग्नं अशीच जुळलेली. मी रिपोर्ट पर्सच्या तळाशी सारला.

दुसऱ्या लॅबमधल्या मॅडमनी काच उजेडात धरली. तिच्यावर निळ्या शाईचे बारीक ठिपके होते. संशय आला त्या जागी पहिल्या लॅबने केलेल्या त्या खुणा. मॅडमनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि ठिपके पुसून टाकले.

"अवो, पुसता काहून?" माझ्या तोंडून निघालंच.

"खुणा असल्या की नजर तिथंच जाते. मला माझ्या नजरेनं पाहू द्या."

बोलणं पटलं, पण मी पुसलेल्या जागेकडेच पाहत राहिले.

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. सूज आहे, बाकी सगळं ठीक. जाऊबाईंनी तिथल्या तिथे संत्रा बर्फी घेतली. "घे, तोंड गोड कर. गेली पीडा!" मी माझी बर्फी परत कागदात गुंडाळली. काच एक आणि उत्तरं दोन. आता मला चांगल्या उत्तराचीही भीती वाटायला लागली.

सकाळी पहिला रिपोर्ट घेऊन मी एकटीच परत गेले. "मॅडम, त्या ठिपक्यांखाली काय होतं?" आवाज चढला होता माझा. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी काच पुन्हा लावली, बराच वेळ पाहिली, मग दोन्ही रिपोर्टांबद्दल काहीही न सांगता आतल्या दुसऱ्या डॉक्टरांना पाहायला दिली. ते म्हणाले, मला शंका वाटते.

"या पेशी फसव्या असतात," मॅडम म्हणाल्या. "नुसत्या सुजेनंही अशाच दिसतात. आमचं नेहमी एकमत होत नाही. हीच काच महिन्याभरानं पाहिली तर मीसुद्धा वेगळं लिहीन कदाचित. आता आतला तुकडा काढून तपासायला हवा."

मला वाटायचं, मशीन सांगतं. मशीनला डोळा लावून माणूसच बसलेलं असतं हो!

तुकड्यात निघालं. अगदी सुरुवातीचं होतं, पण निघालं. पिशवी काढली आणि मी वाचले. ती बर्फी खाऊन घरी बसले असते तर, हा विचार आला की अजून भाजी चिरता चिरता हात थांबतो.

जाऊबाईंनी जन्मात कधी तपासणी केली नव्हती. "मले काय धाड भरली?" म्हणायच्या. परवा त्या दारात उभ्या, हातात स्वतःच्या काचेची छोटी डबी आणि रिपोर्टचं न फोडलेलं पाकीट.

"रिपोर्ट मी पाहिला नाही, तूही पाहू नको," त्या म्हणाल्या. "आधी काच दुसरीकडे दाखवू. अन् त्याच्यावर ते ठिपके हायेत का, पाह्य बरं. मले दिसून नाही राहिलं."

मी डबी उघडून काच खिडकीशी धरली. ठिपके होते.

"काय वं, हायेत का?"

मी काच कापसात गुंडाळली. "चप्पल घाला बाई," म्हटलं, "मी रिक्षा थांबवते."