गरुडावर बसलेली सून

विमलाबाई मला 'सासूबाई' म्हणतात. वयाने आम्ही जवळपास सारख्याच. पण त्यांना मी पहिल्यांदा दिसले ती सुनेच्या हाताला उलथन्याचा चटका देताना. कल्याणला मैदानात मांडव घालून आमच्या नाटकाचा प्रयोग होता. ऐन रंगात आलेल्या प्रवेशात पुढच्या रांगेतून एक तरुण बाई उठली आणि ओरडली, "अगं भवाने, हात झडेल तुझा!" आमची सून रडायची विसरली आणि मी चटका द्यायची. पुढे कितीतरी वर्षांनी मी डोंबिवलीत राहायला आले, जिन्यात एक बाई समोर आली आणि मला बघताच तिने भाजीची पिशवी छातीशी घट्ट धरली. तीच ही. मला आयुष्यात शाली खूप मिळाल्या, पण अशी दाद पुन्हा मिळाली नाही.

विमलाबाई वाचतात. नुसत्या वाचत नाहीत, पुस्तकातल्या माणसांना घरी घेऊन येतात. कादंबरीतल्या पोराला ताप आला की यांना ओट्याशी सुचत नाही. खलनायकाला त्या तोंडावर 'मेल्या' म्हणतात आणि मग शेजारी ऐकत असतील म्हणून खिडकी लावून पुन्हा म्हणतात. आणि नायिका गेली, की त्या दिवशी घरात गोड नाही आणि तळणही नाही.

त्यांचे यजमान तानाजीराव ताटावर बसतात, ताटाकडे बघतात आणि विचारतात, "आज कोण गेलं?"

"मालती. बाळंतपणात."

"कोण मालती? सावंतांची?"

"पुस्तकातली."

"मग माझा पापड का गेला तिच्याबरोबर?"

तानाजीराव एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होते. तिथल्या यंत्रांच्या आवाजाने कान गेले. आता दोन्ही कानांत मशीन असतं. असतं म्हणजे, बातम्यांना असतं, क्रिकेटला असतं. विमलाबाईंनी "अहो, ऐकलंत का" म्हटलं, की त्यांचा हात आपोआप कानाकडे जातो, मशीन निघतं आणि सदऱ्याच्या खिशात पडतं. मग चेहरा असा प्रसन्न करून बसतात, की समाधी लागलेल्या माणसाने हेवा करावा. बोलणं संपलं हे त्यांना विमलाबाईंचे ओठ मिटले की कळतं. सगळ्या संसाराची ही व्यवस्था. भांडण नाही, काही नाही.

अलीकडे तानाजीरावांनी हास्यक्लब धरला होता. रोज संध्याकाळी बागेत गोल उभं राहायचं, हात वर करायचे आणि कारण नसताना 'हा हा, हो हो' करायचं. मी एकदा जाऊन आले. सबंध नाट्यजीवनात इतकं वाईट हसणं मी ऐकलं नव्हतं. त्यांना विमलाबाई तिथे हव्या होत्या, कारण बाकीचे जोडीने येतात. विमलाबाईंना त्याच वेळी वाचनालयात जायचं असतं. संध्याकाळची पुस्तक बदलायची वेळ हीच त्यांची दिवसातली एकमेव गोष्ट, जी कुणाच्या पोटात जात नाही.

तर आमच्या वाचनालयाचा दरवर्षी वाचक मेळावा असतो आणि त्यात एका साध्या वाचकाला आवडत्या कादंबरीवर बोलायला उभं करतात. 'साधा वाचक' हा शब्द आमच्या अध्यक्षांचा. ते स्वतः अवघड वाचक आहेत. यंदा काउंटरवर बसणाऱ्या दिशा नावाच्या मुलीने विमलाबाईंचं नाव घातलं. कादंबरी ठरली 'ओलेत्या उंबरठ्यावर', कारण प्रमुख पाहुण्या म्हणून तिच्याच लेखिका ठाण्याहून, वर्तकनगरातून येणार होत्या. मेघनाताई. त्यांच्या प्रत्येक कादंबरीत एक सून असते आणि तिला दुःख असतं. दुःख संपलं तर कादंबरी संपेल, म्हणून ताई ते जपून वापरतात.

घरी हे कळल्यावर तानाजीराव म्हणाले, "तू? भाषण? लोक हसतील."

"नाही हसणार."

"पैज. लोक हसले, तर उद्यापासून संध्याकाळी माझ्याबरोबर बागेत. वाचनालय बंद."

"आणि नाही हसले तर पुन्हा हास्यक्लबाचं नाव काढायचं नाही," विमलाबाई म्हणाल्या. एकदा बोलल्या की त्या बोलल्या. रंगाने त्या गोऱ्या, पण दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आल्या तेव्हा पांढऱ्या पडल्या होत्या.

"सासूबाई, मला उभं राहायला शिकवा. माझी संध्याकाळ जाईल हो."

मी शिकवलं. वजन दोन्ही पायांवर. पदर आधीच खोचून टाकायचा, म्हणजे हाताला चाळा उरत नाही. नजर शेवटच्या रांगेवर. वाक्य संपवायचं आणि मगच श्वास घ्यायचा. त्या काय बोलणार हे मी विचारलं नाही. सुनेवरच्या कादंबरीत विचारण्यासारखं काय असतं?

मेळाव्याला हॉल भरला होता, कारण बटाटेवडा होता. मेघनाताई मोरपंखी साडीत, ओलसर डोळ्यांनी बसल्या होत्या. त्यांचे डोळे कायमच तसे असतात, धंद्याचा भाग आहे. तानाजीराव मागच्या भिंतीला टेकून.

आधी अध्यक्षांचं प्रास्ताविक. सुशांतसर निवृत्त प्राध्यापक. 'मी दोनच शब्द बोलणार' असं ते म्हणाले, की सराईत माणसं खुर्चीत खाली सरकतात. त्यांनी नुकतीच आमच्याच वाचनालयातली एक अद्भुत कादंबरी वाचली होती, 'नीलपंखाचं सिंहासन'. उडते गरुड, जादूचे किल्ले, आणि वज्रा नावाची योद्धी.

"आणि काय ती लेखकाची झेप!" सर म्हणाले. "वज्रा काळ्या राणीच्या दारात तलवार उगारते. आपण पान उलटतो, आणि ती चुलीपाशी बसून पोळ्या लाटते आहे! हुंदके देते आहे! तिचं नावसुद्धा बदललं आहे! मित्रहो, तलवार आणि लाटणं एकच आहे, असं लेखक सुचवतो. सत्तेचा पराभव कुठे होतो? स्वयंपाकघरात!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कळलं नाही की वाजवायच्या असतात, हे आमच्या गावाला पक्कं ठाऊक आहे.

मग विमलाबाई उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, नजर शेवटच्या रांगेवर. म्हणजे नवऱ्यावरच. मी पुढून ओठांनी 'श्वास' म्हटलं.

"मी आजवर पुष्कळ सुना वाचल्या," त्यांनी सुरुवात केली. "सगळ्या मरतात नाहीतर माफ करतात. मी त्यांचं सुतक पाळते. पण या पुस्तकातली कुमुद वेगळी निघाली. सासू तिला उपाशी ठेवते, नवरा मान खाली घालून जेवतो. निम्म्या पुस्तकापर्यंत मी रडून रडून बेजार. आणि मग एके दिवशी कुमुद पीठ मळता मळता डोळे पुसते, परात बाजूला सारते, आणि गरुडाच्या पाठीवर बसते."

मेघनाताईंनी मान डोलावली. नंतर थांबवली.

"मीही दचकले," विमलाबाई म्हणाल्या. "गरुड आधी कुठे नव्हता. पण म्हटलं, दुःख पण आधी सांगून येत नाही, मग गरुडाने का यावं? ती उडाली. खाली सासरचं घर एवढंसं दिसलं असणार. तिथून पुढे तिचं नाव वज्रा."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. विमलाबाईंनी श्वास घेतला.

"हसू नका. आमच्या वेळच्या बायांना विचारा. मी माहेरची चंपा. बोहल्यावरून उतरले, ताटात तांदूळ पसरले, अंगठीने यांनी 'विमल' लिहिलं, झाले विमल. मला कुणी विचारलं होतं? तेव्हा एका रात्रीत कुमुदची वज्रा झाली याचं मला काही वाटलं नाही. उलट वाटलं, हिने आपलं नाव आपण बदललं. तांदूळ वाया न घालवता."

आता सगळा हॉल हसला. बायका तर एकमेकींच्या खांद्यावर.

"सासू पुढे काळी राणी होऊन येते. ती आधीपासून तीच होती, फक्त लेखिकाबाईंनी आता तिला शिंगं काढली. आणि नवरा..." इथे त्या थांबल्या. असा थांबा मी शिकवला नव्हता. तो शिकवता येत नाही. "नवरा पुढे कुठेच नाही. मी शोधला. शेवटच्या पानापर्यंत नाही. ती सिंहासनावर बसते तरी कुणी 'चहा टाक' म्हणत नाही. लेखिकाबाई, मी तुमचे आभार मानते. त्या दिवशी मी शिरा केला."

हॉलचं छप्पर उडालं असतं. मेघनाताई उठल्या. "अहो, थांबा! हे माझं पुस्तक नाही! माझ्या पुस्तकात कुठलाही पक्षी नाही!"

दिशा धावत व्यासपीठावर गेली, विमलाबाईंच्या हातातलं पुस्तक घेतलं. आमच्या वाचनालयातली पुस्तकं फाटली की बाइंडिंगला जातात आणि सगळी एकाच चॉकलेटी रेक्झिनमध्ये परत येतात. चित्र नाही, काही नाही, आतलं पहिलं पान हीच ओळख. तिने मधली शिवण उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"सर, दोन्ही पुस्तकं एकदमच बाइंडिंगला गेलेली. एकाच प्रकाशकाची, एकाच मापाची. बाइंडरने अर्धी अर्धी उलटसुलट शिवलीयेत. यात पुढे कुमुद आणि मागे वज्रा आहे."

"मग पुढे वज्रा आणि मागे कुमुद, ते कुठंय?" कुणीतरी विचारलं.

सगळ्या माना सावकाश अध्यक्षांकडे वळल्या. सुशांतसरांनी पाणी प्यायलं. पेला रिकामा होता तरी पुष्कळ वेळ प्यायलं. नंतर म्हणाले, "तरीही लाटण्याचं प्रतीक टिकतंच." त्यांच्या या धैर्याला मी मनातल्या मनात मुजरा केला. नेपथ्य अंगावर कोसळलं तरी संवाद न सोडणारे नट मी फार थोडे पाहिले आहेत.

हशा ओसरला तेव्हा विमलाबाई अजून उभ्याच होत्या. रंग पुन्हा उतरला होता. त्यांनी मेघनाताईंना विचारलं, "मग तुमच्या कुमुदचं पुढे काय होतं हो?"

ताईंचा आवाज लगेच ओला झाला. "कुमुद सगळं सोसते. सासूला अर्धांगवायू होतो. कुमुद तिची सेवा करते. शेवटी सासू तिच्या हातात किल्ल्या देते, आणि कुमुद त्या किल्ल्या कवटाळून प्राण सोडते. या शेवटावर मला शेकडो पत्रं आली आहेत."

"म्हणजे ती शेवटपर्यंत तिथेच?"

"हो."

विमलाबाईंनी दिशाच्या हातातून पुस्तक परत घेतलं आणि बगलेत धरलं. "मग बाइंडरला जास्त कळलं," त्या म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या. पहिली टाळी कुणी वाजवली ते सांगत नाही. चाळीस वर्षं टाळ्या घेतल्यात, एक द्यायला काय जातं?

बाहेर वड्याच्या रांगेत तानाजीराव विजयी मुद्रेने आले. "उद्या साडेपाचला तयार राहा. बागेत."

विमलाबाईंनी बगलेतलं पुस्तक तेवढं आणखी आत दाबलं. मला राहवलं नाही, मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज लावला. "का हो तानाजीराव?"

"लोक हसले ना! पैज ठरलेली. तुम्हीच सांगा, तुम्ही जाणत्या. हसले की नाही?"

"हसले. पण तिला हसले, की तिने हसवलं? यात फार अंतर आहे. फजितीचं हसणं वेगळं आणि हशा वसूल करणं वेगळं. पहिल्याने नट घरी जातो, दुसऱ्यावर त्याचं घर चालतं. तुम्ही ऐकलंत ना, कोणत्या वाक्याला हसले?"

तानाजीराव वड्याच्या रांगेत एक पाऊल पुढे सरकले.

"सांगा की. कोणतं वाक्य?"

त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. मशीन तिथेच होतं. बायको बोलायला उभी राहिली, तेव्हा सवयीने काढून ठेवलं होतं. आयुष्यातलं तिचं पहिलं भाषण त्यांनी मागच्या भिंतीला टेकून, प्रसन्न चेहऱ्याने, एक अक्षर न ऐकता पार पाडलं होतं.

"दात दिसले मला लोकांचे," ते पुटपुटले.

"दात वडा खातानाही दिसतात," विमलाबाई म्हणाल्या. "पैज ऐकणाऱ्यांत लागते."

तानाजीरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी रंगमंचावरची जुनी सासू काढली, एक भुवई वर. ते पैज हरले.

ते पुस्तक दिशाला उसवून नीट शिवून घ्यायचं होतं. पण दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी काउंटरवर बायका हजर. 'कुमुदचं' नको, 'वज्राचं' नको, 'गरुडावर बसलेल्या सुनेचं' द्या. मेघनाताईंनीही फोन करून प्रत मागितली म्हणे, फक्त चाळायला. त्यांचा नंबर बराच मागे आहे. सुशांतसरांची प्रत मात्र कपाटात सुरक्षित आहे. ती कुणी मागत नाही. उडणारी बाई चुलीपाशी परत आणून बसवलेली, ती वाचायला पुस्तक कशाला हवं?

परवा मला विमलाबाईंकडे जेवायला बोलावलं होतं. ताटात शिरा, वर पापड, तोही तळलेला. तानाजीरावांनी ताटाकडे संशयाने पाहिलं.

"आज कोण गेलं नाही?"

"सांगते ना. अहो, ऐकलंत का, पुस्तकात एक राजकन्या आहे..."

त्यांचा हात कानाकडे निघाला. विमलाबाईंनी शांतपणे त्यांच्या ताटातला पापड उचलला आणि अधांतरी धरला.

कानाकडचा हात खाली आला.