बांगड्यांवरचं फडकं

संत्रं सोललं की तो वास बोटांवर राहतो, आणि मला सौंसरच्या आमच्या बगिच्यातली ती दुपार आठवते.

तोडलेल्या संत्र्यांच्या ढिगाशी बसून जाऊबाई लहान-मोठी फळं वेगळी करत होत्या. सालीला ओरखडा पडू नये म्हणून त्यांनी बांगड्यांवर फडकं बांधलं होतं. शेजारी माझी चार वर्षांची मिनू गुपचूप संत्र्यांची रांग लावत होती. तिला ऑटिझम आहे. तेव्हा ती बोलायची नाही, आणि मी जवळ घ्यायला गेले की कान झाकून पळायची.

त्या दुपारी तिने जाऊबाईंचा हात ओढला आणि स्वतःच्या डोक्यावर घट्ट दाबून धरला.

"पाय वं, कशी बसून राहिली माह्याजवळ!" जाऊबाई हसल्या.

माझा जीव जळला. पोटात वाढवली मी, आणि हात हवा यांचा?

पुढे कळलं, तिला माझ्या बांगड्यांचा आवाज सहन होत नव्हता. आता माझ्याही बांगड्यांवर फडकं असतं, आणि मिनू माझाही हात ओढून डोक्यावर ठेवते.

तरी जाऊबाई बांगड्या वाजवत घरी आल्या, तर मी त्यांना फडकं देत नाही.