तिखटमावशी

वैशाखात मसाला कुटायला घेतला की आमची आळी शिंकायची. भाजलेल्या मिरच्यांचा खकाणा उठला की कुत्रीसुद्धा खाडीकडे पळत. एकटी तिखटमावशी शिंकत नसे. तोंडाला फडकं नाही, डोळ्यांत पाणी नाही, उखळासमोर उभी राहून पान चघळत मुसळ चालवायची. मी विचारलं तर म्हणाली, "पोरी, रोज मारणाऱ्या सासूचं सुनेला काय वाटतं? तसंच हे. अंग निगरगट्ट होतं."

तिचं खरं नाव आम्हा मुलांना ठाऊक नव्हतं. आमच्या वाढवण गावात घरोघरी पावसाळ्यापूर्वी वर्षाचा मसाला तीच कुटायची. मुसळ स्वतःचं आणायची. कामाला लागण्याआधी दोन्ही हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळायची. एकदा मी मिरच्यांचे देठ खुडले आणि हात माठात बुडवून बसले, तरी आग थांबेना. तिने मला बखोटीला धरून उठवलं, हातांना तेल चोळलं, राखेने पुसले आणि मग धुतले. "मिरची पाण्याला भीत नाय. तेलात विरघळते. एवढं ध्यानात ठेव, बाकी शाळेत शिक." शाळेत पुढे बरंच शिकले, पण हे तिथे कुणी सांगितलं नाही.

मसाल्याच्या जिनसांबद्दल तिची मतं ठाम होती. हळदीचं दूध मिरीशिवाय देणाऱ्या बाईला ती वेडी समजे. "हळद एकटी आळशी. मिरीनं ढोसलं तरच अंगात शिरते." खोकल्याला पिंपळी नि मध सांगायची. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना मिरची कढवलेलं तेल लावायची, पण पैसे घेत नसे आणि कौतुकही करून घेत नसे. "बरं नाय झालं, आजी. दुखणं दमलंय फक्त. उद्या परत उठेल."

मी सातवीत होते त्या वर्षी वडिलांना पोटदुखी लागली. होडीवरचा माणूस, पहाटे उपाशीपोटी निघायचा, सुकटीचं तिखट कालवण नि भाकरी दुपारी. आईने ते वाताचं दुखणं धरलं आणि रोज सकाळी सुंठ-मिरीचा काढा सुरू केला. काढा घेतला की घटकाभर बरं वाटे, मग वडील दुमडून बसत. आई मिरी वाढवी.

मसाल्याच्या दिवशी मिरच्या भाजून झाल्या होत्या. अंगणात बायका जमलेल्या. वडील भिंतीला टेकून काढा पीत होते. मावशीने त्यांच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, परसाकडला काळं होतं का? डांबरासारखं?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. वडील संतापले. "मसाला कुटणारी आता वैद्य झाली का?"

"वैद्य नाय. होतं का ते सांगा."

वडील गप्प बसले. तेवढ्यावरून तिला कळलं. तिने काढ्याचा पेला त्यांच्या हातातून घेतला आणि अळवात ओतला.

"वयनी, आत जखम वाहतेय. आजच डहाणूला दवाखान्यात न्या."

"पावसाळा तोंडावर आलाय, कामं पडलीत. सोमवारी नेऊ," आई म्हणाली.

मावशीने मुसळ आडवं केलं आणि त्यावर बसली. "मग सोमवारीच कुटू."

भाजलेल्या मिरच्या, समुद्राची हवा. संध्याकाळपर्यंत सगळं सादळलं असतं आणि वर्षाचा मसाला नासला असता. आई रडकुंडीला आली. तेव्हा मावशी हळू आवाजात बोलली, "माझ्या नवऱ्याला मीच पाजत होते, वयनी. याच मिरीचा काढा. चार दिवस बरा वाटला. पाचव्या दिवशी रक्त ओकला."

दुपारच्या आत बैलगाडी जुंपली गेली. डॉक्टरांनी पोटात व्रण असल्याचं सांगितलं आणि आणखी आठवडा घरी काढला असता तर आणायची गरज पडली नसती, असंही सुनावलं. वडील तीन आठवडे दवाखान्यात राहिले. मावशीने मात्र गाडी वेशीबाहेर पडताच मुसळ उचललं होतं. आमच्या वडिलांचा जीव मसाला सादळू नये म्हणून वाचला, असं मी अजून सांगते. आईला ते आवडत नसे.

वडिलांनी तिचे आभार कधी मानले नाहीत. पण पुढे दर वैशाखात तिचं मुसळ ते स्वतः खांद्यावर घेऊन तिच्या घरापर्यंत पोचवत.

काही वर्षांनी वाणगावला मसाल्याची गिरणी आली आणि मावशीला बोलावणं थांबलं. आम्हीही गिरणीवर जायला लागलो, हे लपवत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा वडील नि मी तिला सांगायला गेलो. तिची सून चुलीवर फोडणी देत होती. धूर आला आणि मावशी शिंकली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मी पाहतच राहिले. तिखटमावशी शिंकत होती.

"सवय गेली गो," ती पदराने नाक पुसत म्हणाली. "आता मीपण तुमच्यासारखी."

वडील घाबरले. "मावशी, बरं नाही का? डहाणूला नेऊ?"

तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आधी काळं होतं का ते तरी विचार, दादा. एवढ्या वर्षांत काही शिकला नायस."

वडील हसले, आणि हसता हसता वाकून तिच्या पाया पडले. मसाला कुटणाऱ्या बाईच्या पाया पडलेले वडील मी तेवढे एकदाच पाहिले.