पऱ्हाटीचा पूल

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशीनं मला तिच्या चुलीपुढची पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, दिली, हे आधी लिहून ठेवते. नाव लिहीत नाही, तिला आणखी त्रास नको.

महागाव तालुक्यात आमचा बंजाऱ्यांचा तांडा, शाळा नाल्यापलीकडच्या गावात. मी सातवीत. विज्ञानाचे सर शिकवायचे मात्र झकास. चार काड्यांचा चौकोन दाबायचे, तो आडवा व्हायचा. मग आत एक तिरपी काडी बांधून म्हणायचे, "आता दाबा." हलायचा नाही. एक दिवस म्हणाले, ज्याचा पूल जास्त विटा पेलेल तो तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जाईल.

माझं सगळं त्यावरच होतं. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला निघणार होते. बाबांनी सांगून ठेवलं होतं, "निवड झाली त राह्य काकीजवळ, शिक. नाही त कोयता धर."

मावशीनं जळणातल्या सरळ काड्या वेचून दिल्या. त्या मी तिच्या चुलीशेजारी बसून अंबाडीच्या ओल्या सालीनं बांधल्या. वाळली की साल आवळते, हे खाटा बांधताना पाहिलेलं.

दोन टेबलांमधे पूल ठेवला तेव्हा सर म्हणाले, "काहून वं, तांड्यावर पूल कायले पाहिजे? तुम्ही त म्हशीसारखे पाण्यातूनच जाता!" वर्ग हसला. मीही हसले.

शाळा समितीच्या अध्यक्षांच्या मुलाचा पूल चौथ्या विटेला मोडला. माझा अकरा विटा घेऊन उभा राहिला. सरांनी विटा उतरवल्या आणि पूल कपाटात ठेवला.

प्रदर्शनाला न्यायच्या दिवशी वर्गात पाहिलं, तर माझ्या पुलाला चंदेरी रंग लागला होता आणि कार्डावर त्या मुलाचं नाव.

"सर, हा माझा."

"तुहा? मंग सांग, भार कुठून कुठं जाते?"

मला येत होतं. वरून तिरप्या काड्यांतून दोन्ही टेकूंकडे. पण जीभ टाळूला चिकटली.

"तिले तिच्या बोलीत विचारा सर!" मागून कुणीतरी.

"पाह्यलं?" सर वर्गाला म्हणाले. "हाताले येते, डोक्याले नाही. हात चांगले हायेत तुहे, ऊस तोड."

तेवढ्यात मावशी हातात पळी घेऊन दारात आली. "सर, काड्या माह्या चुलीच्या हायेत. पोरीनं माह्याजवळ बसून बांधल्या."

"मावशी, तिकडं खिचडी लागून राह्यली," सर म्हणाले. वर्ग पुन्हा हसला.

आठवड्याभरात चुलीपुढं दुसरी बाई बसली. मावशी नाल्यावर भेटली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर मोळी. "तुह्यापायी नाही वं. ते मले काढणारच होते." खोटं बोलत होती. पुलाला बक्षीस मिळालं, हे मला उसाच्या फडात कळलं.

आता चाकणला एका कंपनीत वायरींच्या जुड्या बांधते. सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला की अजून जीभ चिकटते. बांधणी मात्र सुटत नाही.

मावशीचं घर तांड्याच्याच बाजूला, आणि पावसाळ्यात ती अजून पाण्यातून जाते म्हणे. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याला मी विचारून ठेवलंय: दोन लोखंडी अँगल, वर फळ्या, खाली त्रिकोण. मावशी, तो पूल मी स्वतः येऊन नाल्यावर टाकणार आहे. तोवर गुडघे सांभाळ.